आधी पन्हळ बघ

बडोदा, आषाढ

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप वाचला. दांडिया बाजारामागचा वाडा, चार वारस, त्यातल्या एकाला वाडा पाडून फ्लॅट हवेत, आणि तुझं हे पहिलंच स्वतंत्र काम. ‘सुरुवात कुठून करू?’ विचारलंयस. पन्हळीपासून. हसू नकोस.

भर पावसात जा आणि अर्धा तास चौकात उभी राहा. पाणी कुठून गळतं, कुठं तुंबतं, कुठल्या तुळईच्या टोकाशी मुरतं ते बघ. सागवान वयाने मरत नाही. भिंतीत गेलेलं टोक ओलं राहिलं की कुजतं. मी पाहिलेले बहुतेक वाडे दोनच गोष्टींनी गेले, तुंबलेल्या पन्हळीने नाहीतर भाऊबंदकीने. दुसरीवर माझ्याकडे औषध नाही.

ओल दिसली म्हणून सिमेंट थापू नकोस. तिशीत मी तेच केलं होतं. भिंत आरशासारखी झाली, मालक खूश. दोन पावसाळ्यांत गिलावा पापुद्रे धरून सुटला आणि आतली वीट नखाने खरवडली तरी भुगा पडायला लागला. विटेतल्या ओलीला बाहेर पडायला वाट लागते. चुना ती देतो, सिमेंट तिला कोंडतं; मग क्षार विटेतच साठतात आणि वीट फुटते. चुना चांगला मुरवलेला घे, त्यात विटेची भुकटी घाल. गवंडी म्हातारा शोध. त्याला ऐकू कमी येईल, पण थापी उलटी धरून चुना तयार झाला की नाही ते सांगेल.

तुझ्या प्रेझेंटेशनमध्ये ‘शाश्वत’ हा शब्द अकरा वेळा आलाय (मोजले मी). जगाच्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सुमारे ८ टक्के आहे, हे तुला ठाऊक असू दे. चुना भाजतानाही तो वायू सुटतोच, पण भिंतीवर घट्ट होताना चुना त्यातला बराचसा परत ओढून घेतो. वारसांना मात्र हे ऐकवू नकोस. त्यांना विचार, एवढे सागवानी खांब आज विकत घ्यायचे तर काय पडेल?

तांबेकर वाडा पुन्हा एकदा बघून ये. भाऊ तांबेकर १८४९ ते १८५४ बडोद्याचे दिवाण होते. त्यांच्या भिंतींवरची चित्रं आज पुरातत्त्व खातं सांभाळतं. चित्रं जपायची तर तिथं चूल पेटवून चालत नाही. तुझ्या वाड्यात चित्रं नाहीत, हे एका परीने बरंच झालं. त्यात माणसं राहू शकतात, आणि राहिली तरच पन्हळ कोणी साफ करेल. म्हणून मागच्या अंगाला चांगलं न्हाणीघर, संडास दे. त्याचे नळ जुन्या लाकडापासून लांब, वेगळ्या भिंतीवरून ने. सून घरात राहायला तयार होते ती नक्षीकडे बघून नव्हे. खालची ओसरी शिंप्याला नाहीतर क्लासला भाड्याने जाऊ दे, दुरुस्तीचा खर्च तिथून निघेल.

रविवारी मी मोकळा आहे. टॉर्च आणि एक जुना स्क्रूड्रायव्हर आण, तुळयांची टोकं टोचून बघू.

तुझा,
सर