पेटी वाजते, पण चिरकते

प्रश्न : आजोबांनी मुंबईत लिलावातून घेतलेली एक म्युझिक बॉक्स आमच्याकडे आहे. लांबी दोन फूट, झाकणावर रंगीत लाकडाच्या तुकड्यांची फुलं. आत टोचऱ्या पिनांचं पितळी नळकांडं, झाकणाखालच्या कागदावर फ्रेंचमध्ये आठ चालींची नावं. वाजते, पण मधेच ‘चिर्र’ करते. सुतार मेलामाइन पॉलिश मारून देतो म्हणतो, घड्याळवाले आत तेल सोडतो म्हणतात. करून घेऊ का? पुढे ती कॅनडाला मुलीकडे पाठवायची आहे. फोटो सोबत जोडले आहेत.
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : दोघांनाही चहा पाजा आणि परत पाठवा.

तुमचे फोटो मी भिंगाखाली पाहिले. पिना ज्यांना छेडून सूर काढतात, ते पोलादी फणीचे सगळे दात जागेवर आहेत. नळकांड्यावरच्या पिना एकाच बाजूला किंचित कललेल्या दिसतात. हे दुखणं नाही, त्या तशाच असायला हव्यात. डावीकडे चावीऐवजी दांडा आहे, म्हणजे पेटी साधारण १८६० नंतरची. (आपल्याकडे पेटी म्हटलं की हार्मोनियमच डोळ्यांपुढे येते. माझी बहीण अजून विचारते, ‘तुझ्या पेटीवर भैरवी वाजते का?’)

आता चिर्र. आठही चालींच्या पिना एकाच नळकांड्यावर असतात. एका फेरीत एक चाल संपते, साधारण मिनिटभरात. मग नळकांडं केसभर बाजूला सरकतं आणि आतापर्यंत दोन दातांच्या फटीतून जाणाऱ्या पिना दातांसमोर येतात. दात एकदा छेडला की थरथरत राहतो. तोच सूर लगेच पुन्हा हवा असेल, तर थरथर आधी थांबायला हवी. त्यासाठी दाताच्या पोटाशी केसासारखी बारीक पोलादी तार बसवलेली असते, तिला डॅम्पर म्हणतात. पिन दाताला भिडण्याआधी या तारेला टेकते, दात गप्प होतो, मग उचलला जातो. तार वाकली किंवा मोडली की पिन थरथरत्या दातावर घासते. तेच तुमचं चिर्र. तेलाने ते जाणार नाही, उलट तेल फणीवर उतरून धूळ धरेल. ज्याने पूर्वी डॅम्पर बसवले आहेत आणि तशी एखादी पेटी तुम्हाला वाजवून दाखवेल, अशाच माणसाच्या हाती ती द्या. तोवर चिरकू दे, पण कमी वाजवा.

घड्याळवाल्यांना मी एवढा घाबरतो, कारण तो घड्याळवाला एकदा मीच होतो. १९९८ साली माझ्या पहिल्या पेटीचा वेग ताब्यात ठेवणारा छोटा पंखा अडकला होता. नुसते दोन स्क्रू, काढू आणि पुसू म्हटलं. स्प्रिंगमध्ये चावी भरलेली आहे हे डोक्यातच आलं नाही. दुसरा स्क्रू सुटला आणि नळकांडं मोकाट सुटलं. खर्रर्र! दोन सेकंदांचं काम. फणीचे एकोणीस दात उडाले, पिनांचा एक पट्टा साफ झोपला. दात मी फरशीवर रांगत गोळा केले, एक तर महिन्याने कपाटाखाली सापडला. हिंगाच्या रिकाम्या डबीत ते अजून आहेत. म्हणून सांगतो, चावी भरलेली असताना पंख्याला हात लावायचा नाही. पेटी हलवायची तर आधी स्प्रिंग पूर्ण उतरू द्या आणि चाल संपल्यावरच थांबवा. मधेच थांबवली की दात पिनांवर अर्धवट उचललेले राहतात.

पॉलिशचं म्हणाल तर मूळ लेप लाखेचा आहे. तो कितीही मळला तरी त्याच्यासकटच ती पेटी आहे. मेलामाइन मारलं की फुलं काचेखाली ठेवल्यासारखी दिसतात आणि जाणकार गिऱ्हाईक दुरूनच नमस्कार करतं. मऊ कोरडं फडकं पुरे. तुमच्याकडच्या पावसाळ्यात मात्र पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. खर्जाच्या दातांखाली शिशाची वजनं असतात. दमट हवेत त्यांच्यावर पांढरी भुकटी येते, शिसं फुगून शेजारच्या दाताला टेकतं आणि दोघांचाही आवाज बसतो. दिवाळीनंतर एकदा बॅटरी मारून तेवढं बघा.

कॅनडाचं मात्र अवघड आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. पेटी स्विस आहे म्हणून सूट मिळेल, असं धरून चालू नका. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाला लेखी विचारा. मुलीलाच सुट्टीत बोलवा.

प्रश्न : निवृत्तीच्या पैशातून नवी ७२ दातांची स्विस पेटी घ्यावी म्हणतो. मुलगा म्हणतो, तीच धून १८ दातांच्या जपानी पेटीत मिळते. गुंतवणूक म्हणून कशी?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : गुंतवणूक म्हणून नको. ऐकायची असेल तर जरूर घ्या. मुलाचं अर्धं बरोबर आहे, धून तीच असते. पण ७२ दात म्हणजे ७२ वेगळे सूर नव्हेत. एकेका सुराला दोन-तीन दात असतात. एक थरथरत असताना दुसरा तोच सूर घेतो, म्हणून आलाप तुटत नाही. अठरा दातांत ती चैन नसते, सूर संपायच्या आत झाकावा लागतो.

म्युझिक बॉक्सचं हे काम १७९६ साली स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हाच्या अंत्वान फाव्र या घड्याळजीने सुरू केलं आणि जुरा डोंगरातल्या सेंत-क्रुआ गावात ते वाढलं. १८८५ नंतर लाइपझिगच्या, नळकांड्याऐवजी बदलत्या तबकड्यांवर वाजणाऱ्या पेट्यांनी आणि मग फोनोग्राफने ते जवळजवळ बुडवलं. तरी सेंत-क्रुआत अजून पेट्या बनतात, आणि २०२० मध्ये युनेस्कोने या कारागिरीला वारसा यादीत घेतलं. पैसे द्यायचे ते या हातकामाचे.

दुकानात पेटी गालिच्यावर किंवा काचेच्या शोकेसवर ठेवून ऐकवतात. लाकडी टेबलावर ठेवायला सांगा, मगच तिचा खर्ज कळतो. मऊ भाग आला की पंख्याची घरघर येते का तेही ऐका.