निम्मे लोक घरून काम करतात, सॉफ्टवेअर जुनं आहे, हल्ल्यांची भीती आहे. छोट्या कंपनीने सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की कंपनी चाळीस माणसांची आहे आणि त्यातली निम्मी घरून काम करतात. हल्ल्यांच्या बातम्या वाचून मालक म्हणतायत की सगळ्यांना परत ऑफिसात बोलवू. आणि तुमच्या टेबलावर सुरक्षा सॉफ्टवेअरची तीन कोटेशनं आहेत, त्यातलं कोणतं घ्यावं ते कळत नाहीये.

मी गेली पंधरा वर्षं अशाच आकाराच्या कंपन्यांचं आयटी बघते. माझा सल्ला असा की तिन्ही कोटेशनं महिनाभर बाजूला ठेवा, आणि लोकांना परत बोलवायची घाईही करू नका. सगळे एका छताखाली बसायचे तेव्हा बऱ्याच तपासण्या आपोआप व्हायच्या. लोक घरी गेले, पण त्या तपासण्या कोणाच्याच अंगावर आल्या नाहीत. आता त्या ठरवून कराव्या लागतील, आणि त्यातल्या बहुतेकांना पैसे लागत नाहीत.

हे मला एका प्रसंगाने शिकवलं. मी काम बघत होते त्या एका कंपनीत महिनाअखेरीला अकाउंट्समधल्या बाईंना एका जुन्या पुरवठादाराचा मेल आला: आमचं बँक खातं बदललंय, या महिन्याचं पेमेंट नव्या खात्यात टाका. मेलच्या खाली त्यांच्याच आधीच्या खऱ्या पत्रव्यवहाराची अख्खी साखळी होती, कारण त्या पुरवठादाराचा मेलबॉक्स आधीच कोणीतरी फोडला होता. बिलाचा नंबर बरोबर, रक्कम बरोबर, सहीसुद्धा नेहमीचीच. चूक एकाच ठिकाणी होती. पत्त्यातल्या नावात इंग्रजी एमच्या जागी आर आणि एन अशी दोन अक्षरं चिकटून होती. मी तो मेल माझ्या स्क्रीनवर उघडला तेव्हा मलाही ते दिसलं नाही. अक्षरं मोठी करून पाहिली तेव्हा दिसलं.

पैसे गेले. आठवड्याने खऱ्या पुरवठादाराचा तगादा आला तेव्हा उलगडा झाला. त्या बाई मला म्हणाल्या, "ऑफिसात असते तर खुर्ची वळवून खरेदीच्या साहेबांना विचारलं असतं. घरून एवढ्याशा गोष्टीसाठी फोन कसा करायचा, असं वाटलं." हे वाक्य मी तेव्हापासून प्रत्येक कंपनीत सांगते. खुर्ची वळवून विचारणं हीच त्या ऑफिसातली सर्वात भक्कम सुरक्षा होती, आणि ती कुठल्याच कागदावर लिहिलेली नव्हती.

आम्ही मग नियम केला. बँक खातं बदलायची सूचना कुठूनही आली तरी आपल्या जुन्या नोंदीतल्या नंबरवर फोन करायचा. मेलमध्ये दिलेल्या नंबरवर कधीच नाही. बदल एकाने भरायचा आणि दुसऱ्याने मंजूर करायचा. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे मालकांनी स्वतः सगळ्यांसमोर सांगितलं की खात्री करण्यात उशीर झाला तर कोणालाही बोलणी बसणार नाहीत, मग तो घाईचा निरोप खुद्द मालकांच्या नावाने आलेला का असेना. हे शेवटचं वाक्य मालकांच्या तोंडून आलं नाही तर बाकीचा नियम कागदावरच राहतो. साहेबांना उलट फोन करून "हे तुम्हीच सांगितलंत ना?" असं विचारायला हाताखालच्या माणसाला धीर लागतो, आणि तो धीर वरूनच द्यावा लागतो.

मोठ्या कंपन्याही इथेच फसल्या आहेत. जुलै २०२० मध्ये ट्विटरचे कर्मचारी घरून काम करत होते. हल्लेखोरांनी त्यांना फोन करून आपण आयटी विभागातले आहोत, व्हीपीएनची, म्हणजे घरून कंपनीच्या नेटवर्कमध्ये शिरायच्या सुरक्षित वाटेची, अडचण सोडवायला फोन केलाय, असं सांगितलं. सगळ्यांनाच तेव्हा व्हीपीएनचा त्रास होत होता, त्यामुळे फोन खरा वाटला. काहींनी खोट्या पानावर लॉगिन केलं आणि जगप्रसिद्ध लोकांच्या खात्यांवरून बिटकॉइनच्या फसवणुकीचे ट्वीट गेले. २०२४ मध्ये तर अरुप या बांधकाम सल्लागार कंपनीच्या हाँगकाँगमधल्या कर्मचाऱ्याला थेट व्हिडिओ कॉलवर वरिष्ठ अधिकारी दिसले. ते चेहरे आणि आवाज बनावट होते. त्यांच्या सांगण्यावरून १५ व्यवहारांत सुमारे २० कोटी हाँगकाँग डॉलर गेले. म्हणजे चेहरा दिसला, आवाज ओळखला, म्हणून खात्री झाली असंही आता धरता येत नाही. निरोप ज्या वाटेने आला त्या वाटेने खात्री करायचीच नाही, दुसऱ्या वाटेने करायची.

आता किल्ल्यांची यादी. किल्ल्या म्हणजे लॉगिन: मेल, हिशेबाचं सॉफ्टवेअर, बँक, वेबसाइटचं डोमेन, क्लाउडवरच्या फाइली, व्हीपीएन, आणि बाहेरच्या दुरुस्तीवाल्याला कधीतरी दिलेला रिमोट अ‍ॅक्सेस. एका शीटमध्ये लिहा की कुठली किल्ली कोणाकडे आहे आणि अ‍ॅडमिन कोण आहे. मग मागच्या तीन वर्षांत नोकरी सोडून गेलेल्यांची यादी एचआरकडून घ्या आणि शेजारी ठेवा. या दोन याद्या पहिल्याच फटक्यात जुळलेली कंपनी मी अजून पाहिलेली नाही. एका ठिकाणी गेलेल्या माणसाच्या फोनवर दोन वर्षं कंपनीचे मेल येत होते, आणि ते आम्हाला त्यानेच फोन करून सांगितलं.

हे किरकोळ वाटत असेल तर मे २०२१ मधलं कोलोनियल पाइपलाइनचं प्रकरण पाहा. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर लागणाऱ्या इंधनापैकी जवळपास ४५ टक्के या कंपनीच्या पाइपमधून जायचं. हल्लेखोर आत शिरले ते वापरात नसलेल्या पण बंदही न केलेल्या एका व्हीपीएन खात्यातून. त्या खात्याला नुसता पासवर्ड होता, दुसरी पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतर फोनवरचा कोड वगैरे, नव्हती. पाइपलाइन काही दिवस बंद राहिली आणि कंपनीने ७५ बिटकॉइन, म्हणजे तेव्हाचे सुमारे ४४ लाख डॉलर, खंडणी दिली. जुनं खातं बंद करायला पाच मिनिटंही लागली नसती.

यादी झाली की मेल, बँक आणि व्हीपीएन या तिन्हींना दुसरी पडताळणी लावा. एसएमएसच्या ओटीपीपेक्षा फोनवरचं कोड देणारं अ‍ॅप बरं, आणि अ‍ॅडमिनच्या खात्यांना यूएसबीला लावायची सिक्युरिटी की सर्वांत चांगली. फसव्या पानावर माणूस फसला तरी ती किल्ली फसत नाही, कारण ती पानाचा खरा पत्ता स्वतः तपासते. गूगलने २०१८ मध्ये सांगितलं होतं की ८५,००० हून अधिक कर्मचाऱ्यांना अशा किल्ल्या दिल्यापासून कोणाचंही कामाचं खातं फिशिंगने, म्हणजे अशा खोट्या मेल-पानांनी फसवून, गेलेलं नाही. दर महिन्याला पासवर्ड बदलायची सक्ती मात्र आजच काढून टाका. लोक शेवटचा आकडा एकने वाढवतात, बाकी काही होत नाही. अमेरिकेच्या मानक संस्थेने, एनआयएसटीने, २०१७ मध्येच ही सक्ती करू नका असं सांगितलंय.

आता मालकांच्या म्हणण्याकडे येते. सगळे ऑफिसात बसले की सुरक्षित, हे खरं नाही. २०१७ मध्ये लोक ऑफिसातच होते. त्या वर्षी मे महिन्यात वॉनाक्राय नावाचं, फाइली अडकवून खंडणी मागणारं घातक सॉफ्टवेअर आलं आणि सुमारे १५० देशांत पसरलं. जूनमध्ये नॉटपेट्या नावाचं दुसरं घातक सॉफ्टवेअर आलं. ते युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून शिरलं आणि एकाच नेटवर्कवर जोडलेल्या मशीनवरून मशीनवर उड्या मारत गेलं. मर्स्क या जहाज कंपनीला त्यानंतर सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. कोणाला कुठे लॉगिन करता येतं याची नोंद ठेवणारे त्यांचे सर्व्हर जगभर पुसले गेले होते. एकच वाचला, घानामधला, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती. सगळे एका छताखाली, एकाच नेटवर्कवर, एकमेकांवर विश्वास ठेवणारी मशीन, हीच तिथली अडचण होती. मालकांना हे उदाहरण जरूर सांगा.

घरून काम करणाऱ्यांसाठी एवढंच: कंपनीचा लॅपटॉप, तो घरातल्या इतर कोणी वापरायचा नाही, डिस्क एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे लॅपटॉप चोरीला गेला तरी आतलं वाचता येऊ नये अशी, आणि राउटरचा मूळ पासवर्ड बदललेला.

त्या घानाच्या सर्व्हरचा धडा बॅकअपचा आहे. तो वाचला कारण तो जोडलेला नव्हता. तुमच्या बॅकअपची निदान एक प्रत अशी हवी की अ‍ॅडमिनचा पासवर्ड चोरणाऱ्यालाही ती पुसता येऊ नये. कोड स्पेसेस नावाची एक कंपनी जून २०१४ मध्ये याच कारणाने बंद पडली. हल्लेखोराला त्यांच्या क्लाउडच्या खात्यात शिरता आलं, डेटा आणि बॅकअप दोन्ही त्याच खात्यात होते, आणि त्याने दोन्ही पुसले.

आणि बॅकअप परत आणून बघा. एका ऑफिसात रोज सकाळी बॅकअपच्या पानावर हिरवी खूण यायची. मी म्हटलं, मागच्या मंगळवारची कुठलीही एक फाइल परत आणून दाखवा. फोल्डर उघडला तर सगळ्यात नवी फाइल चौदा महिन्यांपूर्वीची. काम नव्या ड्राइव्हवर हलवलं होतं आणि बॅकअप इमानाने जुन्याच ड्राइव्हचा चालू होता, त्यामुळे खूणही रोज हिरवी. तेव्हापासून महिन्यातून एकदा कोणाही कर्मचाऱ्याने फाइल निवडायची आणि ती परत आणायची, अशी पद्धत मी सगळीकडे लावते.

जुन्या सॉफ्टवेअरबद्दल. वॉनाक्रायने ज्या फटीतून शिरकाव केला ती बुजवणारा पॅच मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दिला होता, हल्ल्याच्या दोन महिने आधी. तो लावला गेला नाही, कारण "आत्ता चालू काम थांबवू नका". तुमच्याकडे विंडोज १० ची मशीन असतील तर त्यांचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, त्यांचं आधी बघा. बदलता येतच नसेल असं एखादं मशीन असेल तर त्याचं इंटरनेट तोडा आणि त्याला वेगळ्या नेटवर्कवर ठेवा. हिशेब क्लाउडवर न्यायचा असेल तर जरूर न्या, पण एका वेळी एकच गोष्ट बदला आणि दोन महिने जुनं-नवं समांतर चालवा. नवी पद्धत जाचक झाली की लोक फाइली स्वतःच्या व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवू लागतात, ग्राहकाचा करार एआय चॅटबॉटमध्ये टाकून सारांश काढून घेतात. त्यांचा हेतू वाईट नसतो, त्यांना काम उरकायचं असतं. म्हणून नुसती बंदी घालू नका. कुठलं साधन चालेल आणि त्यात काय टाकायचं नाही, ते सांगा.

एवढं झाल्यावर कोटेशनं उघडा. सॉफ्टवेअर लागतं, मी नको म्हणत नाही. पण १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्याच एका सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज मशीन बंद पाडली होती. हल्ला नव्हताच तो. म्हणून सगळं बंद पडलं तर कोणी कोणाला फोन करायचा, ती नंबरांची यादी कागदावर छापून प्रत्येकाच्या घरी असू द्या. मेलमध्ये ठेवलेली यादी मेल बंद पडल्यावर उघडत नाही. आणि तिन्ही विक्रेत्यांना एकच प्रश्न विचारा: रात्री दोन वाजता इशारा आला तर तो बघणार कोण? "तुम्हाला मेल जाईल" असं उत्तर आलं तर तुमच्याकडे रात्री दोनला मेल बघणारं कोणी आहे का, ते आधी ठरवा. नसेल, तर ज्याच्याकडे चोवीस तास माणूस बसतो आणि त्रास देणारं मशीन तो स्वतः नेटवर्कवरून तोडू शकतो, त्याचं कोटेशन घ्या, मग त्यात फीचर्स दोन कमी असले तरी चालतील.