वाचकांचे प्रश्न : एअर रायफलचा वेग उतरवताना

प्रश्न : माझ्याकडे रेग्युलेटर (हवेचा दाब ठरलेल्या आकड्यावर ठेवणारा भाग) असलेली 4.5 मि.मी.ची पीसीपी, म्हणजे सिलिंडरमध्ये आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी एअर रायफल आहे. निपाणीतील आमच्या तंबाखूच्या रिकाम्या वखारीत मुलीच्या सरावासाठी दहा मीटरची जागा तयार केली आहे. ही रायफल 0.53 ग्रॅमच्या छऱ्याला सेकंदाला सुमारे 250 मीटर वेग देत होती. तो स्पर्धेच्या रायफलीइतका, म्हणजे 170 च्या आसपास आणण्यासाठी मी हॅमर स्प्रिंगचा स्क्रू सैल केला. वेग खाली आला, परंतु आता एक छर्रा 178 ने जातो, तर पुढचा 159 ने. रेग्युलेटर 110 बारवर आहे. तो बिघडला असावा का?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : आपण दिलेल्या आकड्यांवरून रेग्युलेटर बिघडला असावा असे मला वाटत नाही. वेग कमी करण्याचा निर्णय मात्र अगदी योग्य आहे, कारण पत्र्याच्या छपराखालच्या बंदिस्त जागेत 250 च्या वेगाने लोखंडी पाटीवर आदळलेल्या शिशाच्या चिपा कुठवर उडतील याचा भरवसा नसतो आणि दहा मीटरच्या नेमबाजीला त्या वेगाचा काडीचाही उपयोग नाही. अडचण एवढीच आहे की आपण वेग चुकीच्या टोकाकडून उतरवला.

ट्रिगर दाबल्यावर हॅमर, म्हणजे स्प्रिंगच्या जोराने पुढे येणारा ठोकळा, सुटतो आणि व्हॉल्व्हच्या, म्हणजे हवा सोडणाऱ्या झडपेच्या दांडीवर आदळतो. त्या क्षणी व्हॉल्व्हला मागून रेग्युलेटरने सोडलेल्या हवेचा दाब घट्ट धरून ठेवत असतो. हॅमरला तो दाब हटवून व्हॉल्व्ह उघडावा लागतो आणि पुढे तोच दाब व्हॉल्व्ह पुन्हा बंद करतो. आपल्या रायफलीत दाब 110 बारच राहिला आणि हॅमर तेवढा कमजोर झाला, त्यामुळे वाऱ्याने आतून रेटून धरलेले दार एका बोटाने ढकलावे तशी व्हॉल्व्हची अवस्था झाली आहे. व्हॉल्व्ह जेमतेम उघडतो, आणि हॅमरवरचे ग्रीस थोडे घट्ट झाले, घर्षण किंचित वाढले किंवा दाबात एखाद्या बारचा फरक पडला, की तो किती उघडेल हे लगेच बदलते. पूर्वी जोरकस हॅमरच्या दणक्यात हे बारीक फरक झाकले जात होते. आता ते थेट वेगात उतरत आहेत.

हा फरक लक्ष्यावर किती दिसतो तेही पाहू. छर्रा 178 च्या वेगाने गेला तर दहा मीटर जाईपर्यंत तो गुरुत्वाकर्षणामुळे साधारण 15.5 मि.मी. खाली येतो, आणि 159 ने गेला तर साधारण 19.4 मि.मी. म्हणजे नेम अचूक असूनही केवळ वेगामुळे दोन छऱ्यांत जवळजवळ 4 मि.मी. अंतर पडते. दहा मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावर दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मि.मी.चा असतो आणि एका वलयापासून दुसरे वलय 2.5 मि.मी.वर असते. याचा अर्थ आपली मुलगी काहीही चूक न करता दीड वलय गमावते आहे आणि बहुधा दोष स्वतःच्या हाताला देत आहे. सराव करणाऱ्या मुलांच्या बाबतीत मला हे सर्वांत जास्त खटकते, म्हणून हे काम पुढच्या सरावापूर्वीच पूर्ण करावे अशी माझी विनंती आहे. दहा छऱ्यांतील सर्वाधिक आणि सर्वांत कमी वेगातला फरक सेकंदाला 5 मीटरच्या आत आला, तर लक्ष्यावरचा परिणाम सुमारे 1 मि.मी. राहतो. घरगुती सरावाच्या रायफलीकडून तेवढी अपेक्षा जरूर ठेवावी.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. आधी दाब कमी करावा आणि मग हॅमर त्या दाबाला जुळवून घ्यावा, हा क्रम सोडू नये. रेग्युलेटरला हात लावण्यापूर्वी सिलिंडरमधली आणि रेग्युलेटर व व्हॉल्व्ह यांच्यामधल्या कप्प्यातली सगळी हवा उत्पादकाने सांगितलेल्या पद्धतीने काढून टाकावी. दाब भरलेला असताना कोणताही जोड सैल करणे जिवावर बेतू शकते. रेग्युलेटर बाहेरून फिरवता येणारा असला तरी दाब उतरवताना कप्पा रिकामा असला पाहिजे, कारण तिथे आधीच अडकलेली जास्त दाबाची हवा स्क्रू फिरवल्याने परत सिलिंडरमध्ये जात नाही. पहिल्या टप्प्यात 90 बार ठेवावा आणि गरज पडल्यास नंतर 80 वर यावे.

येथे एक गोष्ट चकवते. हॅमर जोरात असताना दाब उतरवला तर वेग अपेक्षेइतका घटत नाही, प्रसंगी किंचित वाढतोसुद्धा. व्हॉल्व्हला मागून रेटणारा दाब कमी झाल्यामुळे तो जास्त वेळ उघडा राहतो आणि भरपूर हवा सुटते. आवाज मोठा होतो, सिलिंडर लवकर उतरतो. याला घाबरून दाब आणखी खाली आणू नये.

नवा दाब ठरला की हॅमरचा स्क्रू पूर्ण सैल करून सुरुवात करावी, प्रत्येक वेळी अर्धा आटा आवळावा, पाच छर्रे मारावेत आणि त्यांचा सरासरी वेग वहीत लिहावा. समजा, आकडे 148, 161, 170, 175, 177, 177 असे आले. शेवटी स्क्रू आवळूनही वेग वाढत नाही. त्या दाबावर रायफल जास्तीत जास्त 177 देते, असे समजावे. तेथून मागे येऊन त्याच्या 96 ते 97 टक्क्यांवर, म्हणजे 170 ते 172 च्या दरम्यान स्क्रू थांबवावा. या जागी हॅमरमध्ये थोडा फरक पडला तरी वेग फारसा हलत नाही आणि हवाही वाया जात नाही. आपला सर्वाधिक वेग 190 निघाला तर हॅमर सैल करून 170 गाठण्याचा मोह टाळावा आणि दाब आणखी 5 बार उतरवून पुन्हा पहिल्यापासून मोजावे. तो 165 वरच अडला तर दाब थोडा वाढवावा. हे काम कंटाळवाणे आहे, परंतु एका सुटीच्या दिवसात उरकते. काही रायफलींत हवेच्या वाटेचे भोक, म्हणजे ट्रान्स्फर पोर्ट, बदलता येतो. तो लहान बसवला तरी वेग कमी होतो आणि एकसारखेपणा टिकतो. तशी सोय नसेल तर मूळ भागाला ड्रिल लावू नये.

मोजताना दोन छऱ्यांमध्ये दहा-पंधरा सेकंद थांबावे, म्हणजे रेग्युलेटरला कप्पा पुन्हा भरायला वेळ मिळतो. प्रकाशावर चालणारा क्रोनोग्राफ, म्हणजे छऱ्याचा वेग मोजणारे यंत्र, ट्यूबलाइटच्या लुकलुकण्यामुळे भलतेच आकडे दाखवतो, तेव्हा वखारीच्या दाराजवळ दिवसाच्या उजेडात मोजणे उत्तम. तसेच सिलिंडरमधला दाब रेग्युलेटरच्या आकड्याखाली गेला की वेग आपोआप घसरू लागतो. ते आकडे हिशेबात धरू नयेत.

प्रश्न : माझ्या रायफलीचा दिवसातला पहिला छर्रा नेहमी खाली लागतो, नंतरचे एका जागी लागतात. खानापूर भागात पावसाळ्यात हवा फार दमट असते आणि मी हातपंपाने हवा भरतो. त्याचा काही संबंध आहे का?
— एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : संबंध असण्याची दाट शक्यता आहे. रेग्युलेटरमधली बैठक, म्हणजे हवेची वाट बंद करणारी जागा, पूर्ण घट्ट बसत नसेल तर रात्रभर सिलिंडरची हवा झिरपत राहते आणि कप्प्यातला दाब ठरलेल्या आकड्याच्या वर चढतो. सकाळी हॅमरला तो वाढलेला दाब जड जातो, व्हॉल्व्ह कमी उघडतो आणि छर्रा हळू जातो. हॅमर जोरकस असता तर हाच पहिला छर्रा वर लागला असता. खात्रीसाठी दहा छऱ्यांचा वेग नोंदवावा, रायफल तासभर तशीच ठेवावी आणि पुन्हा एक छर्रा मारून फरक पाहावा. रायफलीला रेग्युलेटरच्या बाजूचा दाबमापक असेल तर त्याचा काटा या तासाभरात वर सरकताना दिसेल.

बैठकीवर कचरा, ओरखडा किंवा गंज असला की असे घडते, आणि हातपंपातून आलेले पाणी गंजाला निमंत्रणच देते. पंपाला ओलावा शोषणारा फिल्टर लावावा, थोड्या थोड्या वेळाने पंपातले पाणी बाहेर सोडावे आणि पंप गरम झाला की थांबावे. जवळच्या नेमबाजी केंद्रात कोरडी हवा भरून मिळत असेल तर पावसाळ्यापुरती तरी तीच घ्यावी. बैठक आणि ओ-रिंग (हवा गळू न देणाऱ्या रबरी कड्या) जाणकाराकडून बदलून घ्याव्यात. रेग्युलेटरमध्ये फक्त सिलिकॉनचे ग्रीस चालते. शिवणयंत्राचे किंवा गाडीचे तेल तिथे कधीही घालू नये, कारण जास्त दाबाच्या हवेत ते पेट घेऊ शकते.

प्रश्न : स्क्रूच्या भानगडीत न पडता जड छर्रा वापरून वेग कमी केला तर चालेल का? आणि अशा बदलासाठी परवाना लागतो का?
— एक वाचक, चिकोडी

उत्तर : जड छऱ्याने वेग कमी होतो, परंतु शक्ती कमी होत नाही. पीसीपी रायफलीत जड छर्रा नळीत जास्त वेळ राहतो आणि हवेकडून थोडी जास्तच ऊर्जा घेतो, त्यामुळे आपला उद्देश साधत नाही. परवान्याबाबत सांगायचे तर 2016 च्या शस्त्र नियमांनुसार 4.5 मि.मी.पर्यंतच्या नळीच्या आणि 20 जूलपर्यंत ऊर्जेच्या एअर रायफलीला परवाना लागत नाही. 0.53 ग्रॅमचा छर्रा 250 च्या वेगाने सुमारे 16.6 जूल ऊर्जा घेऊन निघतो आणि 170 च्या वेगाने सुमारे 7.7 जूल, त्यामुळे शक्ती उतरवण्यात कायद्याची काही अडचण येत नाही. उलट दिशेने शक्ती वाढवताना मात्र ही 20 जूलची मर्यादा ओलांडली जाऊ शकते, म्हणून कोणताही बदल केल्यावर वेग मोजल्याशिवाय रायफल वापरू नये.