विमानातला जुगार आणि ठाण्यात दिलेला चेक

घोडबंदर रस्त्यावरील एका वाचकांनी मुंबईहून न्यूयॉर्कला जाताना सहप्रवाशाबरोबर तीन पत्ती खेळून हरलेल्या रकमेचा चेक परतल्यावर ठाण्यात दिला, मग बँकेला सांगून तो थांबवला आणि आता त्यांना नेरूळहून वकिलाची नोटीस आली आहे. अमेरिकेत विमानातील जुगाराला बंदी असताना हे देणे लागते का, असे ते विचारतात. असे प्रश्न मला वरचेवर येतात. एरवी विमानाच्या जागी लोणावळ्याचा बंगला असतो.

अमेरिकेचा 1994 चा कायदा तेथे ये-जा करणाऱ्या परदेशी विमान कंपन्यांनाही लागू आहे, परंतु तो कंपनीला जुगाराची यंत्रे बसवण्यास वा वापरू देण्यास मनाई करतो. दोन प्रवाशांच्या पत्त्यांसाठी तो केलेला नाही. आपला राज्याचा 1887 चा जुगार प्रतिबंधक कायदा आकाशात कितपत पोहोचेल, हा वादाचा मुद्दा आहे आणि त्यात शिरण्याचे आपल्याला कारण नाही.

निकाल ठरेल तो परक्राम्य संलेख कायद्याच्या, म्हणजे चेक-हुंड्यांच्या कायद्याच्या, चेक न वटणे हा गुन्हा ठरवणाऱ्या कलम 138 खालील स्पष्टीकरणावर: चेक कायद्याने वसूल होऊ शकणाऱ्या देण्यापोटीच दिलेला असावा लागतो आणि करार कायद्याच्या कलम 30 प्रमाणे पैजेचा करार रद्दबातल असतो. समोरचे गृहस्थ अर्थातच ही रक्कम हातउसनी होती असे म्हणतील, आणि ‘हातउसने लवकर फेडतो’ असे व्हॉट्सॲपवर लिहून आपण त्यांचे काम सोपे करून ठेवले आहे. तरीही मुंबई इलाख्याच्या 1865 च्या कायद्यामुळे, खेळण्यासाठीच हवेत हे ठाऊक असताना दिलेले पैसेही, माझ्या मते, वसूल होऊ नयेत.

मात्र चेक देण्यापोटीच दिला, असे न्यायालय गृहीत धरते आणि ते खोडण्याचा भार आपल्यावर असतो. नोटिशीला उत्तर न देणे सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली रंगप्पा खटल्यात आरोपीच्या विरोधात धरले होते. नोटीस मिळाल्यापासून रक्कम देण्यास 15 दिवस असतात. त्यातले नऊ आपण अमेरिकेचे कायदे वाचण्यात घालवलेत. ही मुदत संपल्यावर महिनाभरात बेलापूरच्या न्यायालयात तक्रार दाखल होऊ शकते. कायदा सहा महिन्यांत निकालाची अपेक्षा ठेवतो, प्रत्यक्षात वर्षे जातात, आणि न्यायालय मध्येच 20 टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाईही भरायला लावू शकते.

म्हणून उत्तर याच आठवड्यात स्पीड पोस्टाने जाऊ द्या. बोर्डिंग पासच्या मागे दोघांनी लिहिलेला डावांचा हिशेब मूळ स्वरूपात जपा. उत्तरात जुगाराचा उल्लेख कोणत्या शब्दांत करायचा, हे आपल्या वकिलांवर सोपवा आणि त्या गृहस्थांना व्हॉट्सॲपवर यापुढे एक अक्षरही लिहू नका.