स्टिरॉइडची बाटली बंद केल्यावर काय?

सात वर्षांच्या मुलाचे डोळे दर उन्हाळ्यात लाल होतात, स्टिरॉइडच्या थेंबांनी चार दिवसांत निवळतात, थेंब बंद केले की पुन्हा तेच. आता डॉक्टरांनी सायक्लोस्पोरिन लिहून दिलंय आणि नेटवर ते किडनी बदललेल्या पेशंटचं औषध निघालं, म्हणून तुम्ही घाबरलात. मीही असाच घाबरलो होतो. आमचा लेक आता सोळाचा आहे, सहाव्या वर्षापासून हा त्रास होता. मी डॉक्टर नाही, बाप म्हणून सांगतोय.

या आजाराला व्हीकेसी म्हणतात, व्हर्नल केराटोकंजंक्टिव्हायटिस, म्हणजे डोळ्यांना ॲलर्जीने येणारी सूज. नाव भारदस्त, पण घरी ओळखू येतो. पोरगं पेरांनी डोळे रगडतं, उजेडात डोळा उघडत नाही आणि सकाळी कोपऱ्यातून पांढरी चिकट तार निघते. आमच्याकडे तिला शेवई म्हणायचे. डॉक्टरांनी वरची पापणी उलटून दाखवली तेव्हा आत सीताफळाच्या सालीसारखे उंचवटे होते. मुलींपेक्षा मुलांना हा जास्त होतो, कोरड्या-गरम हवेत भडकतो आणि बहुतेकांचा वयात येताना ओसरतो. डोळा जपायचा तो मधल्या वर्षांत.

स्टिरॉइड वाईट नाही. जोर आला की तेच लागतं, पण ठरलेले दिवस आणि उतरत्या मात्रेत. आमचं चुकलं ते इथेच. कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये जुनी बाटली दाखवली की नवी मिळायची. आठ महिने असं चाललं. मग डाव्या डोळ्याचं प्रेशर ३४ निघालं. साधारण २१ च्या आत हवं. पोराची तक्रार शून्य, कारण ते दुखत नाही. वाढलेल्या प्रेशरने डोळ्याच्या आतली नस एकदा गेली की नजर परत येत नाही. आमची वाचली. तेव्हापासून मी लेबल वाचतो: डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, लोटेप्रेडनॉल, फ्लुरोमेथोलोन, ही सगळी स्टिरॉइडंच. काही ‘अँटिबायोटिक’ थेंबांतही ती मिसळलेली असतात. तुमच्या मुलाचं प्रेशर कधी मोजलंय का? नसेल तर आधी ते.

सायक्लोस्पोरिन स्टिरॉइड नाही, त्याने प्रेशर वाढत नाही. किडनीवाले ते पोटातून घेतात. डोळ्यातल्या थेंबातून रक्तात जाणारं प्रमाण नगण्य. व्हीकेसीच्या मुलांसाठी ०.१ टक्क्याच्या थेंबांना युरोपात २०१८ मध्ये आणि अमेरिकेत २०२१ मध्ये मान्यता मिळाली. अडचण वेगळीच आहे. ते झोंबतं, आणि गुण यायला काही आठवडे लागतात. आई-बाप दहाव्या दिवशी ‘फरक नाही’ म्हणून सोडून देतात. म्हणून सुरुवातीला दोन्ही औषधं बरोबर देतात, मग स्टिरॉइड उतरवतात. आम्ही डॉक्टरांना विचारून आधी फ्रिजमधले गार ल्युब्रिकंट थेंब घालायचो आणि दहा मिनिटांनी हे. रडणं निम्म्यावर आलं. त्यानेही भागलं नाही तर टॅक्रोलिमसचं मलम असतं. आमच्याकडे ०.०३ टक्क्याचं होतं, रात्री खालच्या पापणीत तांदळाच्या दाण्याएवढं. पापणीच्या आत इंजेक्शनही देतात. आमच्यावर ती वेळ आली नाही.

गुलाबपाणी, मध, काजळ सगळं बंद. आजीशी भांडण होईल, होऊ द्या. गार पाण्याची पट्टी मात्र खुशाल ठेवा.

अचानक डोळा दुखायला लागला, उघडवेना किंवा बुबुळावर पांढरा डाग दिसला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. ती जखम असू शकते. आणि चष्म्याचा सिलिंडर नंबर सारखा वाढत असेल तर टोपोग्राफीबद्दल, म्हणजे बुबुळाचा आकार मोजणाऱ्या तपासणीबद्दल, विचारा. रगडून रगडून बुबुळ शंकूसारखं पुढे येऊ शकतं, त्याला केराटोकोनस म्हणतात. लवकर कळलं तर सीथ्रीआर, म्हणजे थेंब आणि किरणांनी बुबुळ घट्ट करण्याचा उपचार, करून ते थोपवता येतं.

पुढच्या भेटीला घरातल्या सगळ्या बाटल्या, अर्ध्या-रिकाम्यासुद्धा, पिशवीत घालून न्या. आमच्या पिशवीत तीन वेगळ्या नावांचं एकच स्टिरॉइड निघालं होतं.