बेटावरची भाड्याची घरे

प्रश्न : स्कॉटलंडमधील गिघा बेटावर रहिवाशांनीच भाड्याच्या घरांचा प्रश्न हाती घेतला, असे ऐकले. हे कसे साधले? आपल्याला त्यातून काय घेता येईल?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : गिघाची लोकसंख्या २००१ मध्ये अवघी ११० होती आणि बहुतेक घरे मोडकळीस आली होती. २००२ मध्ये रहिवाशांनी न्यास स्थापून बेटच विकत घेतले. जमीन सामाईक मालकीची झाल्यामुळे ती चढ्या दराने बाहेरच्यांच्या हाती जाण्याची भीती राहिली नाही. जुनी घरे दुरुस्त करून भाड्याने देता आली, काही नवी बांधली गेली आणि पवनचक्क्यांचे उत्पन्नही न्यासाला मिळू लागले. बेटावर वाळू-सिमेंटदेखील बोटीने आणावे लागते, त्यामुळे बांधकाम महाग पडते. म्हणूनच जमिनीची किंमत भाड्यात न मिसळणे हा माझ्या मते या प्रयोगाचा गाभा आहे. २०११ मध्ये लोकसंख्या १६३ झाली.

शाहू महाराजांनी १९०१ पासून विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभारली, त्या कोल्हापुराला ही कल्पना परकी वाटू नये. गृहनिर्माण संस्थांनी सदनिका विकण्याबरोबरच काही घरे परिचारिका व कामगारांसाठी कायम भाड्याची राखावीत. महाराष्ट्रात भाडेकरार लेखी व नोंदणीकृत असणे १९९९ च्या कायद्याने बंधनकारक असून ती जबाबदारी घरमालकाची आहे.