वाचकांचे प्रश्न : पोर्टरशचे धाकटे मैदान

प्रश्न : उत्तर आयर्लंडमधील रॉयल पोर्टरश गोल्फ क्लबचे दुसरे मैदान खेळण्याजोगे आहे काय?
– एक वाचक, खारघर

उत्तर : निश्चितच आहे. १९५१, २०१९ आणि २०२५ मध्ये ‘द ओपन’ ही गोल्फमधील मानाची स्पर्धा क्लबच्या ज्या डनलूस या मुख्य मैदानावर झाली, त्याच्या आणि समुद्रकिनाऱ्याच्या मधल्या सखल भागात, वाळूच्या टेकड्यांच्या आड व्हॅली लिंक्स हे दुसरे मैदान पसरले आहे (लिंक्स म्हणजे समुद्रकाठच्या वाळूवरचे गोल्फ मैदान). २०१९ च्या स्पर्धेपूर्वी डनलूसचे नवे सातवे व आठवे होल व्हॅलीच्याच जमिनीवर आखले गेले. थोरल्याच्या वैभवासाठी धाकट्याने वाटणी सोडली म्हणायची! गोल्फपटू ग्रॅम मॅकडॉवेल ज्या रॅथमोर क्लबमध्ये घडला, त्याचे सभासदही येथेच खेळतात. आपल्याकडे पावसाळ्यात चेंडू चिखलात रुततो; तेथे वाळूतून पाणी लगेच झिरपत असल्याने तो घरंगळत जातो, म्हणून वाऱ्यात फटका जमिनीलगत ठेवावा.